तिसऱ्या मजल्यावरची सायकल

डोंबिवलीत घराबद्दल विचारलं की माणूस आधी मजला सांगतो, मग लिफ्ट आहे की नाही ते. खोल्या किती, हा प्रश्न त्यानंतरचा. पूर्वेला फडके रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये ऐंशीच्या दशकात उठलेल्या तीन-चार मजली इमारती अजून तग धरून आहेत. त्यांना लिफ्ट नाही, पार्किंग नाही. जिन्याखालच्या तिरप्या जागेत विजेचे मीटर, पाण्याच्या पंपाचा खोका आणि कुणाच्या तरी जुन्या कपाटाचं दार. बाहेरच्या चिंचोळ्या पट्टीत स्कूटर इतक्या खेटून लावलेल्या की सकाळी निघणाऱ्याला आधी दुसऱ्या तिघांच्या हलवाव्या लागतात. मुलांच्या सायकली भिंतीला टेकून असतात. दोन पावसाळ्यांत त्यांच्या चेन लाल होतात, तिसऱ्यात त्या भंगारवाल्याकडे जातात.

पन्नाशीची माणसं व्यायाम करत नाहीत याचं खापर आपल्याकडे नेहमी आळसावर फुटतं. मला ते पटत नाही. पहाटे उठून, डबे भरून, साडेसहाच्या आतली लोकल पकडणाऱ्या बायकांच्या या गावात आळस हा शब्द जपून वापरावा. आमच्याकडे कमी आहे ती जागा. सायकल घ्यायची तर ठेवायची कुठे, या एका प्रश्नापाशी कितीतरी सायकली विकत घेण्याआधीच अडतात. घेतली तरी ती खाली, कुलपात, दुसऱ्याच्या स्कूटरच्या पलीकडे अडकून पडते. पहाटेच्या अर्धवट झोपेत मन फार लांबचा विचार करत नाही. हात पोचेल तेवढंच त्याला दिसतं. म्हणून मला घडीची सायकल मोलाची वाटते. ती घरात मावते. घरात मावते म्हणून डोळ्यांसमोर राहते, आणि डोळ्यांसमोर राहते म्हणून चालवली जाते.

वीस इंची चाकांची माझी सायकल घडी घातल्यावर साधारण ८० सेंटिमीटर लांब, ६५ उंच आणि ४० रुंद होते. आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आणि तुळशीची कुंडी यांच्यामध्ये तेवढी जागा निघाली. आधी हँडलच्या मुळाशी असलेला खटका उघडायचा आणि हँडल बाजूला पाडायचं. मग सीट खाली सरकवायची. मग मधल्या जाड नळीवरचा मोठा खटका. तो सुटला की सगळी सायकल बिजागरीवर फिरते आणि पुढचं चाक मागच्या चाकाच्या अंगाला येऊन उभं राहतं. पायडलसुद्धा दुमडतात. हात बसला की हे मिनिटभराचं काम आहे, आणि रोज करूनही त्यातला आनंद कमी होत नाही. लोखंडाची एवढी ताठ वस्तू आपल्या दोन हातांचं ऐकते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

अशी सायकल घडवणाऱ्या प्रत्येकापुढे कुठली ना कुठली अडचण होती. १८७८ साली, माणसाच्या छातीइतकं उंच पुढचं चाक असलेल्या सायकलींच्या काळात, विल्यम ग्राउट नावाच्या इंग्रजाने ते चाक तुकड्यांत सोडवून पिशवीत भरता येईल अशी सायकल काढली. त्या शतकाच्या शेवटच्या दशकात फ्रेंच सैन्यातल्या कॅप्टन जेरारने पायदळासाठी घडीची सायकल केली; रस्ता संपला की सैनिकाने ती पाठीवर टाकायची. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली सायकल तर हजारोंच्या संख्येने निघाली. दुहेरी नळ्यांची लंबगोल आकाराची फ्रेम, मधे दोन बिजागऱ्या, आणि चिमटीने फिरवून घट्ट करायचे दोन नट. अवजारं काढायला वेळ नसलेल्या माणसाचा विचार त्या नटांमध्ये आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. तिथे ही छत्रीधाऱ्यांची सायकल पाहायला मिळते. मी तिच्यापुढे बराच वेळ उभी होते. विमानातून उडी मारणाऱ्या मुलाला जमिनीवर पोचल्यावर पहिल्यांदा हवी होती ती सायकल, ही गोष्ट मनातून जात नाही.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो अँड्र्यू रिची. केंब्रिजमध्ये शिकलेला हा इंजिनिअर १९७५ च्या सुमारास लंडनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये, झोपायच्या खोलीतच, घडीच्या सायकलचे नमुने करत होता. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं. त्यावरूनच त्याने सायकलला ब्रॉम्प्टन हे नाव दिलं. सुरुवातीच्या खर्चासाठी त्याने मित्रांकडून शंभर-शंभर पौंड गोळा केले होते. मोठमोठ्या कंपन्यांना त्याची कल्पना पटली नाही, तरी त्याने ती सोडली नाही. त्याच काळात अमेरिकेत डेव्हिड हॉन हा लेझरवर काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ तेलटंचाईतल्या पेट्रोलच्या रांगा पाहून याच विचाराला लागला आणि १९८२ मध्ये त्याने डाहॉन कंपनी सुरू केली. आपल्याकडे आज परवडणाऱ्या किमतीत मिळणाऱ्या, मधोमध दुमडणाऱ्या सायकली बहुतेक याच वळणाच्या आहेत. झोपायच्या खोलीत कानस चालवत बसलेला तो तरुण इंजिनिअर मात्र मला आमच्या गल्लीतला वाटतो. एका खोलीत संसार, शिवणयंत्र, शिकवणी आणि गणपती बसवणाऱ्या लोकांना त्याची धडपड समजावून सांगावी लागत नाही.

ब्रॉम्प्टन आपल्याकडे लाखाच्या वर जाते. माझी सायकल पंधरा हजारांच्या आत आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे आता घेणाऱ्याला थोडं सोपं झालं आहे. आणि व्यायामासाठी घ्यायची असेल तर स्वस्तातलीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. महागड्या सायकलीची काळजी लागून राहते. ती भाजीवाल्यापाशी उभी करता येत नाही, पावसाच्या पहिल्या थेंबाला घरी पळावं लागतं, शेजारच्या मुलाला एक फेरी मारू द्यायला जीव धजत नाही. स्वस्तातली सायकल आपल्याला बाहेर काढते आणि बाहेर राहू देते. तिचं वजन जास्त असतं, हे खरं. ॲल्युमिनियमच्या ऐवजी पोलाद वापरलेलं असतं. माझी जवळपास चौदा किलोंची आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये नुसता गॅस असतो तेवढी. शर्यत जिंकायची असती तर हे चौदा किलो खुपले असते. घाम गाळायचा आहे, तेव्हा ते आपल्याच बाजूचे आहेत.

काटकसर कुठे करू नये, तेही सांगते. मधल्या नळीची बिजागरी आणि ब्रेक. साध्या सायकलच्या फ्रेममध्ये दोन त्रिकोण भार वाटून घेतात. घडीच्या सायकलीत तो सगळा भार एका जाड नळीवर आणि तिच्या मधोमध असलेल्या या सांध्यावर येतो. दुकानात पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि सायकल मागेपुढे हलवून पाहावी. सांध्यात कट् असा आवाज आला, किंवा बोटाला तिथे हालचाल जाणवली, तर दुसरी बघावी. खटका बंद करताना हाताला जोर लागला पाहिजे. तो प्रवासात आपोआप उघडू नये म्हणून त्यावर आणखी एक छोटी कडी असते. ती आहे ना, बसते ना, हे पाहावं. सीटच्या नळीवर एक रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसेल इतकी सीट वर ओढायची नाही, उंच माणसाने तर मुळीच नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. पंक्चर बघायची पाण्याची घमेली, छताला टांगलेल्या रिमा, आणि ग्रीसने काळे झालेले काका. त्यांनी माझी नवी सायकल उघडून, घडी घालून, परत उघडून पाहिली. मग म्हणाले, "ताई, चाक वीस इंची आहे. पोरांच्या सायकलची ट्यूब बसते हिला. काही काळजी करू नका." त्यांच्या या एका वाक्यात निम्मं शहाणपण आहे. सोळा इंची चाकाच्या परदेशी सायकलीचा टायर फाटला तर महिनाभर वाट पाहावी लागते. वीस इंचीचा टायर कल्याणपासून कर्जतपर्यंत कुठल्याही दुकानात लटकलेला असतो, कारण तिसरी-चौथीतली सगळी मुलं त्याच मापावर सायकल शिकतात.

चाक लहान म्हणजे पाय जास्त मारावे लागणार, असं मला जवळजवळ प्रत्येकाने ऐकवलं. दिसायला तसं दिसतं खरं. पण सायकल करणाऱ्यांनी त्याचा हिशोब आधीच केलेला असतो. चाक लहान केलं की पायडलजवळची दात्यांची चकती मोठी करतात. समजा पुढच्या चकतीला ५२ दाते आहेत आणि मागच्या गिअरला १४. पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक पावणेचार वेळा फिरतं. वीस इंची चाकाचा परीघ दीड मीटरहून थोडा जास्त. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात पावणेसहा मीटर रस्ता मागे पडतो. वडिलांच्या काळातल्या उंच काळ्या सायकलीवरही याहून फार जास्त पडत नसे. उलट लहान चाक हलकं असल्यामुळे सिग्नलवरून किंवा गतिरोधकानंतर ते चटकन वेग घेतं. आमच्याकडे दर पन्नास पावलांवर थांबावं लागतं, तिथे हा मोठाच फायदा.

लहान चाकाची खरी अडचण वेगळी आहे. मोठं चाक खड्ड्यावरून ओलांडून जातं, लहान चाक खड्ड्यात उतरतं. अलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनिअरने १९६२ साली लहान चाकांची सायकल आणली तेव्हा तिला पुढेमागे धक्के झेलण्याची सोय त्याने याचसाठी केली होती. आमच्या बजेटमध्ये ती सोय नाही. तिथे आपले कोपर आणि गुडघे थोडे वाकवून ते काम करायचं. हँडलही चंचल असतं. एक हात सोडून वळण्याची खूण करायला सरावाचे काही दिवस द्यावे लागतात. पण या चंचलपणातून एक गोष्ट मिळाली. रस्ता मला पहिल्यांदा तपशिलात कळला. सिमेंटच्या रस्त्याच्या दोन पट्ट्यांमधली फट, पेव्हर ब्लॉकचा उचकटलेला कोपरा, गटाराच्या झाकणाची उंची, नळाच्या खोदकामावर घाईने थापलेलं डांबर. रिक्षातून इतकी वर्षं गेले तेव्हा हे सगळं नुसतं अंगाला हिसके देत होतं. आता त्याची जागा, दिशा आणि खोली मला पाठ आहे.

आता माझ्या पहाटेच्या वाटेबद्दल. पहाटे निघाले की फडके रोडवर अजून दिवे असतात. गणेश मंदिराच्या बाजूला हारवाल्या बायका झेंडूच्या गोणी सोडत असतात, आणि ओल्या फुलांचा थंड वास रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेला असतो. स्टेशनच्या कडेला वर्तमानपत्रांचे गठ्ठे फुटतात. मुलं मांडी घालून पुरवण्या आत सरकवत बसलेली असतात, त्यांच्या हातांचा वेग बघत राहावा. बेकरीच्या मागच्या दारातून पावाची लादी बाहेर येते. कोपर पुलावरून पश्चिमेला उतरायचं. पुलाखालून एखादी लोकल जाते, खिडक्यांत डोकं टेकून झोपलेली माणसं घेऊन. मीही एरवी त्यांच्यातलीच. म्हणून पुलावर मी नेहमी थोडी थांबते.

पश्चिमेला वस्ती सरत आली की मोठागाव येतं, आणि मग रेतीबंदर. उल्हास नदी इथवर येईपर्यंत खाडी झालेली असते. ओहोटीला गाळाचे पाट उघडे पडतात आणि त्यांवर काळसर निळी चकाकी येते. तिवरांच्या मुळांपाशी बगळे एक पाय उचलून उभे. खंड्या तारेवर असतो तोवर दिसत नाही. पाण्याकडे झेपावला की निळी रेघ ओढली जाते आणि आपण दिवसभर ती रेघ बरोबर बाळगतो. दूरवर दिवा–वसई मार्गाच्या पुलावरून मालगाडी जाते, एकेक डबा मोजावा इतक्या सावकाश. माणकोलीकडे जाणारा नवा पूल वर चढतो. त्याच्या चढावर मी गिअर हलका करते. गिअर हलका झाला की पाय भराभर फिरतात, श्वास लांब होतो. अर्ध्यावर वारा लागतो, खाऱ्या चिखलाचा वास घेऊन. माथ्यावर पोचून मागे पाहिलं की आग्नेयेला मलंगगडाचा सुळका असतो, हवा स्वच्छ असेल तर अगदी रेखीव. या गावात मी संसार केला, मुलं वाढवली, आणि गावाला नदी आहे हे मला नकाशातून माहीत होतं. आता तिची भरती-ओहोटी मला वेळेनुसार ठाऊक असते.

सायकल मला यायची. माझं माहेर सांगलीचं. सपाट गाव, मुलींच्या सायकलींची रांग शाळेच्या कुंपणाला लागलेली असायची. विलिंग्डन कॉलेजपर्यंत आम्ही मैत्रिणी गप्पा मारत सायकलने जात होतो, दप्तर कॅरियरला, ओढणी गाठ मारून कमरेला. लग्न होऊन मुंबईकडे आले तेव्हा भांडी आली, शिवणयंत्र आलं, सायकल माहेरीच राहिली. तिला आणावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. इथे ती उभी करायला जागाच नव्हती. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांची हीच कथा आहे. पुण्याच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या मुली. त्यांच्या पायांना सायकल येते आणि तीस-तीस वर्षं ते पाय लोकलच्या पायदानांवर आणि ओट्यापाशी उभे आहेत. घडीच्या सायकलीची मधली नळी खाली असते. पाय उंच टाकून पलीकडे न्यावा लागत नाही. सलवार असो, साडी असो, गुडघा जरा कुरकुरत असो, माणूस सहज चढतो आणि थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकतात. तोल जाण्याची भीती तिथेच निम्मी होते. ही सोय करणाऱ्याने आमचा विचार केला नसेल, पण ती आमच्या उपयोगी पडली.

सायकल घेण्याचं तातडीचं कारण रक्ताच्या तपासणीत होतं. साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाल्या, तीन महिने देते, काहीतरी रोजचं सुरू करा. तीन महिने अशासाठी की एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते, आणि त्या पेशींचं आयुष्य चार महिन्यांच्या आसपास असतं; एका दिवसाच्या पथ्याने ती फसत नाही. त्यांनी समजावलेली दुसरी गोष्ट मला फार दिलासा देऊन गेली. स्नायू काम करत असताना रक्तातली साखर आत ओढायला त्यांना इन्शुलिनची वाट पाहावी लागत नाही. आणि मांडीचे स्नायू शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या स्नायूंपैकी. पुलाचा चढ चढताना मांड्या भरून येतात तेव्हा मला हे आठवतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. अर्ध्या तासाने पाच दिवसांत ते होतात. मध्यम म्हणजे किती, याची साधी खूण अशी की चालवताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सपाटीवर मी गुणगुणते. पुलावर गाणं आपोआप थांबतं, तेव्हा समजायचं की काम सुरू झालं. गोळ्या अजून लांब आहेत.

गुडघ्यांना सायकल सोसते, कारण शरीराचा भार सीट उचलते. पण सीट खाली ठेवली तर तीच सायकल गुडघे दुखवते. टाच पायडलवर ठेवून पायडल पार खाली न्यावं. तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजाने चालवताना गुडघ्यात हलकासा बाक राहतो, तो बरोबर. घडीच्या सायकलीची सीट रोज खाली जाते आणि रोज वर येते, म्हणून मी नळीवर आपल्या मापाशी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली आहे. आणखी एक खरं सांगायला हवं. हाडं बळकट व्हायला शरीराचा भार पायांवर पडावा लागतो, आणि सायकल तो भार काढून घेते. ती कसर आमचा जिना भरून काढतो. चौदा किलो खांद्याला लावून तीन मजले चढणं, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हात बदलणं. सुरुवातीला हाच भाग नको वाटायचा. आता लिफ्ट आली तरी मी जिन्यानेच जाईन.

कधीतरी रविवारी तिला कापडी पिशवीत घालून लोकलच्या लगेजच्या डब्यात चढते. त्या डब्याची दुनिया वेगळी. दुधाचे कॅन, मेथीच्या जुड्यांचे भारे, माशांच्या पाट्या घेतलेल्या मावश्या. एकीने पिशवीला हात लावून विचारलं, "काय गं, काय हाय यात?" मी चेन उघडून दाखवली. तिने पायडल एकदा फिरवून पाहिलं आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "बघ, गाडीतून गाडी न्हेते." बदलापूरला उतरून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता धरायचा. मुळगावच्या टेकडीवर खंडोबा आहे. दोन्ही बाजूंना भातखाचरं, पावसानंतर त्यांचा हिरवा रंग डोळ्यांत मावत नाही. पुढे जंगल दाटतं आणि मग धरणाचं पाणी. आमच्या एमआयडीसीत येतं ते याच धरणाचं. आपल्या गावातलं पाणी कुठून येतं हे आपल्याच पायांनी जाऊन पाहण्यात मोठं समाधान आहे. गाडीतून सायकल नेण्याच्या बाबतीत मेट्रोने एक चांगला पायंडा पाडला. मुंबईतल्या २अ आणि ७ या मार्गांवर आणि पुण्याच्या मेट्रोत, २०२२ साली सुरू झाल्या तेव्हापासून, सायकल बरोबर नेता येते. लोकलमध्येही घडीच्या सायकलीला सामानातल्या बॅगेइतकीच सहज जागा मिळाली तर उपनगरातल्या कितीतरी लोकांचे रिक्षाचे पैसे आणि अर्धा तास वाचेल. रेल्वेने हे करावं. त्यासाठी नवा डबा लागत नाही, एक स्पष्ट नियम लागतो.

पावसाळ्यात तिची सेवा करावी लागते. समुद्राजवळची दमट हवा पोलादाला सोडत नाही. आल्यावर कोरड्या फडक्याने पुसायची, चेनवर तेलाचे थेंब सोडून जादा पुसून घ्यायचे, बिजागरीतली वाळू जुन्या टूथब्रशने काढायची. वाळू राहिली तर सांधा झिजतो आणि कट् असा आवाज सुरू होतो. आमचे हे आधी या सगळ्याकडे लांबून पाहत होते. आता टायरमधली हवा तेच बघतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंनी मागच्या दिवाळीत मला जिन्यात अडवलं. साठी उलटलेल्या, अंगावर नेहमीची सुती साडी. म्हणाल्या, "मला बसू दे गं एकदा." गल्ली रिकामी होती. मी सीट त्यांच्या मापाला खाली घेतली. त्या चढल्या, दोन हात डुगडुगल्या, आणि मग सरळ रेषेत कोपऱ्यापर्यंत गेल्या, बेल वाजवत. परत आल्या तेव्हा बोलल्या नाहीत काही. मात्र संक्रांतीच्या आत त्यांची सायकल आली. ती त्यांच्या पलंगाखाली असते.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला घडी घालून दाखवू देऊ नका, ती स्वतः घाला. मग सायकल उचला आणि दोन मिनिटं हातात धरून उभ्या राहा. तेवढं जमलं तर रंग, कंपनी, गिअर यांचा फार विचार न करता घेऊन टाका.